जुनं दुखणं असताना नवीन दुखणं दाखवायला जाताना करायची तयारी

मला ९ वर्षांपासून फायब्रोमायल्जिया आहे, म्हणजे अंग रोजच दुखतं, कधी खांदे, कधी मांड्या, सकाळी उठल्यावर तर रात्रभर पोती उचलल्यासारखं वाटतं. दोन वर्षांपूर्वी उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं तेव्हा आधी मीच म्हणाले की हेही त्यातलंच, आणि डॉक्टरांनाही तसंच वाटलं, त्यांनी नेहमीची गोळी वाढवून दिली आणि यात सहा महिने गेले. शेवटी सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले आणि ऑपरेशन झालं. ज्यांना आधीपासून कंबरेचं, संधिवाताचं, मायग्रेनचं काहीतरी आहे आणि आता काहीतरी वेगळंच दुखायला लागलंय त्यांच्यासाठी हे लिहितेय.

पण आधी एक, काही दुखणी अशी असतात की तयारी करत बसायचं नसतं. छातीत दाब येऊन घाम सुटला, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे गेली, पायातली ताकद एकदम गेली, बसायची जागा बधिर झाली किंवा लघवी अडकली, डोकं कधी नव्हे इतकं एकदम ठणकायला लागलं, एकच पोटरी सुजली आणि धाप लागली, पोटदुखीबरोबर थंडी वाजून ताप आला आणि डोळे पिवळे दिसायला लागले, तर कागद बिगद राहू दे, १०८ ला फोन करा किंवा जवळच्या दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत जा. आपल्याला दुखणं सोसायची सवय झालेली असते ना, म्हणून आपणच सगळ्यात उशिरा जातो.

बाकी वेळी पहिलं काम म्हणजे जुन्या आणि नव्या दुखण्यातला फरक शब्दात पकडायचा. नुसतं "दुखतंय" म्हटलं की संपलं, समोरचा म्हणणार तुमचं तर नेहमीच दुखतं. आपल्या भाषेत यासाठी किती शब्द आहेत बघा, ठणकतं, ठुसठुसतं, सलतं, चमक मारते, कळ येते, उसण भरल्यासारखं होतं, मुरडा येतो, मुंग्या येतात, आग होते, पेटका येतो, आणि यातला प्रत्येक शब्द डॉक्टरांना वेगळं काहीतरी सांगतो, आग आणि मुंग्या म्हटलं की नसेचा विचार होतो, कळ येऊन जाते म्हटलं की पोटाच्या आत काही अडकतंय का हे बघावंसं वाटतं. माझं जुनं दुखणं म्हणजे अंगभर ठणका, आणि नवीन होतं ते एकाच जागी, जेवणानंतर तासाभरात चढणारं, तळलेलं खाल्लं की हमखास, पाठीत उजव्या खवाट्याकडे जाणारं आणि दोन तीन तासांनी आपोआप उतरणारं. हे सगळं मला माहीत होतं पण मी कधी सलग सांगितलंच नव्हतं! शेवटच्या वेळी कागदावर लिहून नेलं, वर पहिलंच वाक्य होतं, "माझं रोजचं दुखणं हे नाही, हे वेगळं आहे, कारण..." आणि डॉक्टरांनी लगेच सोनोग्राफी लिहून दिली.

त्यासाठी आठ दहा दिवसांची नोंद ठेवा, कधी सुरू झालं, किती वेळ टिकलं, त्याआधी काय खाल्लं किंवा उचललं, कशाने कमी झालं, रात्री झोपेतून उठवतं का, वजन उतरलंय का. दहापैकी किती असं विचारलं तर एक आकडा देऊ नका, दोन द्या, "माझं रोजचं ४ असतं, हे ८ ला जातं." एका कागदावर माणसाची पुढून आणि मागून बाह्याकृती काढून जुन्याला निळा आणि नव्याला लाल पेन वापरा, चित्र वाकडं आलं तरी चालतं. सूज किंवा पुरळ येऊन जात असेल तर त्याच वेळी फोटो काढून ठेवा. ताप मोजायचा असेल तर गोळी घ्यायच्या आधी मोजा, पॅरासिटामॉल पोटात असेल तर ताप दिसतच नाही.

औषधांच्या स्ट्रिपच घेऊन जा, नावं तोंडपाठ सांगू नका. सर्दीच्या गोळीतसुद्धा बऱ्याचदा पॅरासिटामॉल असतं, म्हणजे नकळत डबल होतं. रोजच्या पेनकिलरने पोटात अल्सर होऊ शकतो, किडनीला त्रास होऊ शकतो, म्हणजे नवीन दुखणं औषधाचंच असू शकतं, हे नक्की विचारा. वैद्यांचं चूर्ण, काढा, कुणी दिलेली सांधेदुखीची पुडी हेही लाजू नका, सांगा, काही पुड्यांत न सांगता स्टेरॉईड घातलेलं सापडलंय. आणि "आधी खरं दुखणं कळू दे" म्हणून प्रीगाबालिनसारखी नसांच्या दुखण्याची गोळी मनाने एकदम बंद करू नका, त्याने वेगळाच त्रास होतो.

फाईल तारखेप्रमाणे लावा, नवीन वर. सगळी जाडजूड फाईल टेबलावर ठेवली की कुणी बघत नाही, म्हणून वर एकच पान, आजार, ऑपरेशनं, अ‍ॅलर्जी, गोळ्या.

सोबत कुणाला तरी न्या. माझ्याबरोबर वहिनी आल्या होत्या आणि त्यांनीच सांगितलं की ही आधी दुखत असलं तरी भाकऱ्या थापायची, आता ओट्यापाशी वाकून बसते, ते माझ्या दहा वाक्यांपेक्षा जास्त कळलं डॉक्टरांना. आणि आत गेल्यावर "काय, बरंय ना?" असं विचारलं की आपल्या तोंडून आपसूक "हो, बरंय" जातं, ते त्या दिवशी म्हणायचं नाही.

"तुमचा जुनाच त्रास आहे" असं ऐकलं तर भांडू नका पण गप्पही बसू नका, शांतपणे विचारा की हे जुनंच आहे हे कशावरून ठरवलं, दुसरं काय असू शकतं, आणि किती दिवसात कमी नाही झालं तर परत येऊ, ते केस पेपरवर लिहून घ्या. फायब्रोमायल्जियाच्या निकषांत २०१६ साली जी सुधारणा झाली त्यात तर स्पष्टच आहे की हे निदान आणि दुसरा आजार दोन्ही एकत्र असू शकतात, एक आहे म्हणून दुसरं नाकारता येत नाही. तरी समाधान नाही झालं तर रिपोर्ट घेऊन दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा, त्यात कुणाचा अपमान नसतो.

सैल कपडे घाला, तपासायला सोपं जातं. पोटाची सोनोग्राफी सांगितली तर उपाशी यायचं की लघवी भरून हे फोनवर आधीच विचारा, पित्ताशयासाठी सहा ते आठ तास काही खाल्लेलं चालत नाही. उपाशी जायचं असेल तर डबा सोबत असू दे, नंबर कधी लागेल सांगता येत नाही, आणि नेहमीच्या गोळ्या त्या दिवशी कधी घ्यायच्या हेही आधीच विचारून ठेवा.