पगारवाढ मागताय? या चुका टाळा

नाशिकच्या सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत मी 22 वर्षं काढली. त्यातली शेवटची 9 वर्षं मॅनेजर होतो, म्हणजे वाढीची यादी माझ्याच टेबलावर यायची. दर एप्रिलला चेहरा पाडून केबिनमध्ये येणारी चांगली पोरं पाहिली की जीव तुटायचा. काम चोख असायचं, मागणं चुकायचं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे वाढीचं लेटर हातात पडल्यावर भांडायला येणं. आर्थिक वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं, त्यामुळे कुठल्या खात्याला वाढीसाठी किती पैसे, हे आमच्याकडे फेब्रुवारीतच ठरलेलं असायचं. मार्चमध्ये एकाला जास्त द्यायचं तर दुसऱ्याचं कापावं लागे. म्हणून दिवाळी-बोनसची गडबड ओसरली की डिसेंबरात बोला. मी स्वतः इंजिनिअर असताना दोनशे पानी वही ठेवायचो. तारीख टाकून दोन ओळी: रिजेक्शन, म्हणजे नापास झालेला माल, किती होतं, किती झालं, रात्रपाळीतलं ब्रेकडाउन कुणी निस्तरलं. डिसेंबरात त्यातल्या पाच नोंदी एका कागदावर उतरवून साहेबांपुढे ठेवायचो. आदल्या रात्री आठवून लिहिलेल्या यादीत शेवटचा महिनाच दिसतो. ज्याला वर्षभर दोन ओळी लिहायचा कंटाळा आहे, त्याच्यासाठी मला वर भांडणं जड जायचं.

दुसरी चूक सीटीसीच्या, म्हणजे कंपनी तुमच्यावर करते त्या एकूण खर्चाच्या, आकड्यावर भाळण्याची. 2018 साली आमच्या क्वालिटीतला एक पोरगा पेढे घेऊन आला. दुसऱ्या एका कंपनीने महिना 40,000 दिले होते, आमच्याकडे 35,000 होते. म्हटलं, ‘‘लेटर आणलंस? दाखव.’’ ‘‘साहेब, सही करून दिली पण.’’ मी पेन घेऊन त्याच्यासमोर आकडे मांडले. आमचे 35,000 हा ग्रॉस, म्हणजे कापाकापीआधीचा पगार होता; कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) त्यावर वेगळी. त्यांचे 40,000 म्हणजे सगळं धरून. कंपनीच्या वाट्याचा पीएफ 1,800. बेसिक, म्हणजे मूळ पगार 16,000, त्याच्या 4.81 टक्के ग्रॅच्युइटी म्हणजे 770. विम्याचा हप्ता 500. वर्षअखेरीस, तेही टार्गेट गाठलं तर मिळणारे, पण महिन्याच्या आकड्यात धरलेले 1,500. वजा करत गेलो तर ग्रॉस उरला 35,430. त्यातून त्याचा स्वतःचा पीएफ आणि व्यावसायिक कर कापला जाणारच होता, जसा आमच्याकडे कापला जायचा. 430 रुपयांसाठी त्याने आमच्याकडची चार वर्षं सोडली होती. पाचवं पूर्ण झालं असतं तर ग्रॅच्युइटीवर निर्विवाद हक्क बसला असता. पेढ्यांचा बॉक्स तसाच टेबलावर राहिला.

तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो: ‘हातात किती येणार’ हे विचारा, पगाराची फोड कागदावर मागा, आणि घरी एक रात्र काढल्याशिवाय सही करू नका. ‘‘आजच सही हवी’’ म्हणणाऱ्याला तर नाहीच.

बाकीच्या चुका थोडक्यात. घराचा हप्ता आणि मुलांची फी सांगून वाढ मागू नका. ती अडचण खरी असते, पण मॅनेजर ती वर लिहून पाठवू शकत नाही. शेजारच्याचा पगार काढू नका. लागून सहा महिने झाले नाहीत तोच वाढ मागू नका, आधी एक ऑडिट तरी पार पडू द्या. शिफ्ट बदलताना मशीनपाशी विषय काढू नका, वेळ मागून बसून बोला. आणि दुसऱ्या कंपनीचं खोटं ऑफर लेटर दाखवू नका. नाशिकमधले एचआरवाले एकमेकांना ओळखतात, एका फोनवर सगळं कळतं. खरं लेटर असेल तरी जायची तयारी असेल तरच दाखवा.

कमी पगाराच्या कामगारांसाठी एक गोष्ट मात्र मुद्दाम सांगतो, कारण ती कुणी सांगत नाही. ईएसआयसीची, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याची पगारमर्यादा 2017 मध्ये महिना 21,000 रुपये झाली. तुमचा पगार 20,500 असेल आणि वाढून 21,500 होणार असेल, तर आधीच्या वर्गणीवर उपचार काही महिने चालतात, मग कार्ड थांबतं. घरात कुणाचं डायलिसिस किंवा मोठं औषधपाणी सातपूरच्या ईएसआय दवाखान्यातून चालू असेल, तर तो खर्च हजार रुपयांत भागत नाही. अशा वेळी वाढीसोबत कंपनीकडून आई-वडिलांसकट कुटुंबाचा आरोग्य विमाही मागा, आणि तो लेटरवर लिहून घ्या.