पसारा काढायला बसण्यापूर्वीची तयारी

घरभर पसारा झाला आहे आणि हात कुठे घालावा तेच सुचत नाही, अशा वेळी एकाही वस्तूला हात लावण्याआधी एक गोष्ट ठरवावी: नको असलेले सामान घराबाहेर कोणाकडे आणि कोणत्या दिवशी जाणार आहे. मागच्या खेपेला माझ्याकडून नेमके हेच राहिले. कपाटे आवरून झाली, पिशव्या भरून दाराजवळ भिंतीला टेकवल्या, आणि त्या तिथेच राहिल्या. मग कोणी त्यातून एखादा सदरा परत काढला, कोणी चार्जर शोधायला गाठी सोडल्या, आणि अखेर पाहुणे यायचे म्हणून सगळ्या पिशव्या पुन्हा कपाटाच्या तळाशी गेल्या. त्यामुळे जुने कपडे कोण घेते, धुतलेलेच घेतात की फाटकेही चालतात, रद्दी न्यायला कोणी घरी येते का, विजेच्या जुन्या वस्तू कुठे जमा करतात, हे आधी फोन करून विचारावे आणि वार ठरवून कागदावर लिहावे. “नंतर बघू” हे उत्तर येथे चालणार नाही.

साहित्यात पोती किंवा मोठ्या पिशव्या, जाड टोकाचे पेन, आणि धूळ सोसत नसेल तर मास्क एवढेच लागते. नवे डबे, टोपल्या, खोकी आधी आणू नयेत. काय उरणार हे ठाऊक नसताना आणलेला डबा हा आणखी एक पसारा असतो, शिवाय तो भरण्यासाठी नको त्या वस्तू ठेवल्या जातात.

जागा लहान निवडावी: एक खण, एक ड्रॉवर, फार तर एक फळी. सगळे कपाट एकदम पलंगावर उपसण्याचा मोह टाळावा, कारण रात्र झाली की झोपायला जागा हवी म्हणून तेच सामान न निवडता परत कोंबले जाते आणि दुसऱ्या दिवशी कपाट उघडण्याचीही इच्छा राहत नाही. अर्ध्या तासाचा गजर लावावा आणि शेवटची १० मिनिटे केवळ जागच्या जागी ठेवण्यासाठी राखावीत. थकलेल्या मनाला प्रत्येक वस्तूबाबत निर्णय घेणे जड जाते, म्हणून जेथे निर्णय सोपा तेथून सुरुवात करावी: मुदत संपलेली औषधे, वाळलेली पेने, जोडीदार हरवलेले मोजे, झाकण नसलेले डबे, ज्या उपकरणाची वायर आहे ते उपकरणच आता घरात नाही अशा वायरी. पत्रे, छायाचित्रे आणि गेलेल्या माणसांच्या वस्तू सर्वांत शेवटी. तेथे सुरुवात केली तर अर्धा दिवस एकाच पाकिटापाशी जातो, आणि त्यात चुकीचे काही नसले तरी खण मात्र भरलेलाच राहतो.

काही वस्तू सरसकट पोत्यात टाकण्याजोग्या नसतात. औषधे बेसिनमध्ये किंवा शौचालयात ओतू नयेत, कारण सांडपाणी शुद्ध करताना ती पूर्णपणे निघत नाहीत; परत घेण्याची सोय असेल तेथे द्यावीत. डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली उघडून साधारण ४ आठवडे झाले असतील तर बहुधा ती छापील मुदतीआधीच निकामी झालेली असते. लिथियमच्या बॅटऱ्या सुक्या कचऱ्यात टाकू नयेत. दाबल्या गेल्यास त्या पेट घेऊ शकतात. त्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावून वेगळ्या ठेवाव्यात, आणि फुगलेली बॅटरी असेल तर तिला टोचू नये, दाबू नये. जुना फोन देण्यापूर्वी छायाचित्रे उतरवून घ्यावीत, खात्यांतून बाहेर पडावे, मग फोनमधली सगळी माहिती पुसावी, आणि सिमकार्ड व मेमरी कार्ड काढायला विसरू नये. रद्दीत जाणाऱ्या कागदांवर खाते क्रमांक किंवा सही असेल तर ते बारीक फाडावेत. मालमत्तेची, शिक्षणाची, जन्माची आणि कराची कागदपत्रे आज निवडूच नयेत. एका फायलीत बाजूला ठेवावीत.

दुसऱ्याची वस्तू त्याला विचारल्याशिवाय टाकू नये, मग ती कितीही निरुपयोगी वाटो. एकदा विश्वास गेला की पुढे घरातले कोणी मदतीला येत नाही.

आता पुन्हा तेच, कारण ते पुन्हा सांगण्याची गरज आहे: पिशवी भरली की लगेच गाठ मारावी, तिच्यावर कोणाकडे जाणार ते आणि वार लिहावा, आणि ती पुन्हा उघडू नये. जी पिशवी कुठे जाणार हे ठरलेले नाही, ती भरायलाच घेऊ नये. वाहन असेल तर पिशवी त्याच दिवशी वाहनात ठेवावी. घरात राहिलेली पिशवी म्हणजे न आवरलेला खणच.

उरलेले थोडक्यात. ज्यांचा निर्णय होत नाही अशा वस्तूंसाठी एकच खोके, त्यावर तारीख. ६ महिन्यांत उघडावे लागले नाही तर आतल्या वस्तू द्याव्यात. रिकामा झालेला खण पुसून कोरडा करावा. दुसरा खण उद्या.