घरच्या पोकरसाठी स्वतःचा चिप-सेट कसा निवडावा

स्वतःचा चिप-सेट बनवून घ्यायचा ठरलं की बहुतेक जण आधी चिपवर काय छापायचं याचा विचार करू लागतात. नावाची आद्याक्षरं, एखादं चित्र, वळणदार अक्षरं. हा क्रम उलटा आहे. डाव रंगात आला की चिपचा दर्शनी भाग कोणी बघत नाही. चिप्स चळतीत असतात आणि चळतीत दिसते ती कड. समोरच्याकडे किती उरलंय, त्याने पुढे किती सरकवलं, हे त्या तीन-सव्वातीन मिलिमीटर कडेवरूनच ओळखायचं असतं. म्हणून आधी मोजणी, मग चिप कशाची हवी ते, मग रंग. चित्राचा नंबर शेवटचा.

पहिली पायरी : मोजणी

तुमच्याकडे टूर्नामेंट चालते (सगळ्यांना सारख्या चिप्स, संपल्या की बाद) की कॅश गेम (चिपवरचा आकडा म्हणजे खरे पैसे), आणि जास्तीत जास्त किती जण बसतात, हे कागदावर लिहा. माणशी ५० चिप्स धरा, असं सरसकट सांगितलं जातं. अंदाजापुरतं ते ठीक आहे, पण कोणत्या किमतीच्या किती चिप्स हव्यात हे त्यातून कळत नाही, आणि सेट फसतो तो तिथेच.

उदाहरण घेऊ. आठ जणांची टूर्नामेंट, प्रत्येकाला सुरुवातीला ५,०००, पहिले ब्लाइंड, म्हणजे पत्ते वाटण्याआधी दोघांना लावावीच लागणारी रक्कम, २५ आणि ५०. प्रत्येकाला २५च्या ८, १००च्या ८, ५००च्या ४ आणि १,०००च्या २ चिप्स दिल्या की ५,००० होतात. माणशी फक्त २२ चिप्स, आठ जणांच्या १७६. ब्लाइंड वाढत गेले की २५ आणि १००च्या चिप्स काढून घ्याव्या लागतात. त्या सगळ्या मिळून ८,००० भरतात, म्हणजे त्यांच्या बदल्यात १,०००च्या आणखी ८ हव्यात. कोणी बाद होऊन पुन्हा बसणार असेल तर त्याची सोय वेगळी. हा हिशेब धरून २५च्या ८०, १००च्या ८०, ५००च्या ६०, १,०००च्या ६० आणि ५,०००च्या २० अशा ३०० चिप्स पुरून उरतात.

कॅश गेमचं गणित निराळं. ब्लाइंड १ आणि २, बाय-इन (खेळात बसताना घ्यायच्या चिप्सची रक्कम) २००चा असेल तर १च्या २०, ५च्या १६ आणि २५च्या ४ अशा ४० चिप्स माणशी लागतात. इथे सगळा भार छोट्या चिप्सवर असतो. सर्व किमतींच्या चिप्स सारख्याच संख्येने घातलेला तयार सेट म्हणूनच घेऊ नये. मोठ्या किमतीच्या चिप्स पेटीत पडून राहतात आणि १च्या चिप्ससाठी दर दुसऱ्या डावाला सुटे मागत बसावं लागतं.

दोन्ही प्रकार खेळत असाल तर चिपवर चलनाचं चिन्ह छापू नका. नुसता आकडा असला की तोच सेट दोन्हीकडे चालतो.

दुसरी पायरी : चिप कशाची

इथे वजनाच्या आकड्याला भुलू नका. ११.५, १३.५, १४ ग्रॅम असे आकडे जाहिरातीत मोठ्या टायपात असतात आणि जड म्हणजे अस्सल असा समज त्यातून होतो. कॅसिनोतल्या साच्यात दाबून बनवलेल्या क्ले चिपचं वजन साधारण साडेआठ ते दहा ग्रॅमच असतं. १३-१४ ग्रॅमची चिप बहुधा प्लास्टिकची असते आणि आत लोखंडी चकती घातलेली असते. ‘क्ले कंपोझिट’ म्हणून विकतात तीही बहुतेकदा हीच. टेबलावर टाकली की धातूसारखी खणकते. ती टिकाऊ आणि स्वस्त असते, रोजच्या खेळाला वाईटही नाही, पण तिच्यावर ‘तुमचं’ असं जे काही येतं ते मधल्या खळग्यात चिकटवलेलं स्टिकर असतं.

क्ले चिपचा स्पर्श वेगळाच. किंचित खरखरीत, चळत हलत नाही, आवाज दबका. शंभर टक्के मातीची ती नसते. खनिज भुकटी आणि तिला बांधून ठेवणारा पदार्थ यांचं मिश्रण असतं. कडेवरचे रंगीत पट्टे वेगळ्या रंगाचे तुकडे बसवून दाबलेले असतात, त्यामुळे ते खरवडून जात नाहीत. मात्र कडक टेबलावर पडली तर तिची कड टवका उडून जाऊ शकते, आणि ती महाग असते.

स्वतःच्या डिझाइनचा सेट हवा असेल तर माझा कौल सिरॅमिकला. नाव सिरॅमिक असलं तरी ती कपबशीसारखी भाजलेली नसते, कडक पॉलिमरची असते. वजन दहा ग्रॅमच्या आसपास. छपाई उष्णतेने पृष्ठभागात उतरवतात, त्यामुळे दर्शनी बाजूवर टोकापासून टोकापर्यंत आणि कडेवरही छापता येतं, शिवाय स्टिकर सुटायची भीती नाही. तिची खोड एकच : फार गुळगुळीत असली तर चळत घसरते. थोडा खरखरीत पृष्ठभाग मिळत असेल तर तोच घ्या.

व्यास ३९ मिलिमीटर ठेवा. रॅक (चिप्स रांगेत लावायचे खाचांचे ट्रे) आणि पेट्या याच मापाच्या सहज मिळतात.

तिसरी पायरी : रंग आणि कड

अमेरिकन कॅसिनोंमध्ये साधारण रुळलेली पद्धत अशी : पांढरी १, लाल ५, हिरवी २५, काळी १००, जांभळी ५००. पाहुण्या खेळाडूंना ती ओळखीची वाटते, पण ती पाळलीच पाहिजे असं नाही. रंग दिव्याखाली वेगळे ओळखू येणं महत्त्वाचं. पिवळ्या उजेडात गडद निळा आणि जांभळा एकसारखे दिसतात, गडद हिरवा काळ्यात मिसळतो, लाल आणि केशरी यांचाही घोळ होतो.

याची सोपी परीक्षा आहे. ठरवलेल्या सगळ्या रंगांचा फोनवर कृष्णधवल फोटो काढा. दोन चिप्स एकाच करड्या छटेच्या दिसल्या तर त्यातल्या एकीचा रंग फिका किंवा गडद करा. लाल-हिरव्यातला फरक न कळणारा माणूस टेबलावर असला तर त्याचीही अडचण यातून टळते. कडेवरचे पट्टेही किमतीनुसार बदला : छोट्या किमतीला रुंद आणि मोजके, मोठ्या किमतीला बारीक आणि जास्त. रंग चुकला तरी पट्टा सांगतो.

चौथी पायरी : डिझाइन

आकडा मोठा, बाकी सगळं त्याच्या मागे. ३९ मिलिमीटरच्या वर्तुळात बारीक ओळी आणि नाजूक रेषा छपाईत भरून जातात. बनवणाऱ्याकडून मिळणाऱ्या टेम्प्लेटवरच काम करा, चित्र कापरेषेच्या थोडं बाहेरपर्यंत न्या आणि मजकूर रेषेच्या बराच आत ठेवा. फाइल शक्यतो व्हेक्टर (कितीही मोठी केली तरी रेषा फाटत नाहीत अशी), नाहीतर निदान ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके). कॅसिनोचं किंवा कंपनीचं बोधचिन्ह उचलू नका.

पाचवी पायरी : नमुना हातात घ्या

ही पायरी गाळून पैसे भरू नका. स्क्रीनवरचा रंग आणि चिपवरचा रंग जुळतोच असं नाही. प्रत्येक रंगाच्या निदान दोन-दोन चिप्स मागवा, जमलं तर एका रंगाच्या २०.

एक चिप दुसऱ्या चिपवर ठेवून बोटाने टिचकी मारा. भोवऱ्यासारखी फिरत राहिली तर तिचा मध्य फुगलेला आहे आणि तिची चळत कायम डुगडुगणार. मग दहा-दहाच्या दोन चळती शेजारी लावून डोळे टेबलाच्या पातळीवर आणा. उंचीत फरक दिसला तर जाडी सारखी नाही. पोकरमध्ये चळतीला चळत लावूनच चिप्स मोजतात, त्यामुळे हा दोष किरकोळ मानू नका. कडेवर छपाई असेल तर समोरचा पट्टा कडेवरच्या पट्ट्याला जुळतो का तेही बघा. शेवटी खेळायच्या खोलीत, खेळायच्या वेळी, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला चळत ठेवून खुर्चीतून ती वाचून पाहा.

ऑर्डर देताना

प्रत्येक किमतीच्या पाच-दहा चिप्स जास्तीच्या घ्या. हरवतात, आणि नंतर छापून घेतलेल्यांची छटा थोडी वेगळी येऊ शकते. अंतिम फाइल आणि रंगांचे क्रमांक जपून ठेवा. ५०० सिरॅमिक चिप्स म्हणजे पाच किलो, १३.५ ग्रॅमच्या असतील तर पावणेसात. पेटीची कडी आणि मूठ तेवढी भक्कम हवी. शंभरच्या रॅक असलेली पेटी सोयीची, कारण प्रत्येक रांगेत २० चिप्स बसतात आणि उठताना एखादी कमी असली तर लगेच दिसते.