काउंटीच्या सोशल सर्व्हिसेसची नवी इमारत प्लॅन करताना: नव्याने या कामात येणाऱ्यांसाठी माझा अनुभव

नाशिकला बी.आर्क. केलं, मग इकडे अमेरिकेत मास्टर्सला आले आणि आता बरीच वर्षं नॉर्थ कॅरोलायनात सरकारी इमारती करणाऱ्या एका मध्यम आकाराच्या फर्ममध्ये आहे. इकडे शिकायला आलेली आपली मुलंमुली भेटतात तेव्हा बहुतेकांना म्युझियम नाहीतर एअरपोर्ट करायचं असतं, आणि मी काउंटीची सोशल सर्व्हिसेसची ऑफिसं करते म्हटलं की विषय तिथेच संपतो. पण खरं सांगते, मला या कामाइतकं समाधान दुसऱ्या कशात मिळालेलं नाही, म्हणून जे शिकले ते सविस्तर लिहितेय.

आधी काउंटी म्हणजे काय ते. साधारण आपल्या जिल्ह्यासारखी, पण निवडून आलेले कमिशनर्स, स्वतःचं बजेट आणि स्वतःचा प्रॉपर्टी टॅक्स असलेली. नॉर्थ कॅरोलायनात अशा 100 काउंट्या आहेत आणि मदतीच्या योजनांचे नियम आणि बराचसा पैसा वॉशिंग्टनहून आणि राज्याकडून येत असला तरी माणसं नेमायची काउंटीने आणि इमारतही काउंटीनेच द्यायची. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, ओहायो, व्हर्जिनिया, मिनेसोटा इथेही साधारण हाच प्रकार. टेक्सास, फ्लोरिडात हे काम राज्य स्वतः करतं, त्यामुळे तिकडे नोकरी शोधत असाल तर क्लायंट वेगळा असेल.

या ऑफिसात (डिपार्टमेंट ऑफ सोशल सर्व्हिसेस, सगळे त्याला डीएसएस म्हणतात) काय काय चालतं ते बघा. फूड स्टॅम्प म्हणजे किराण्यासाठी मदत, ज्याचं नाव 2008 पासून स्नॅप झालं पण लोक अजून फूड स्टॅम्पच म्हणतात, मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्य विमा), रोख मदत, थंडीत हीटिंगच्या बिलाला मदत, चाइल्ड सपोर्टची (मुलांच्या पोटगीची) वसुली, मुलांना मारहाण होते किंवा त्यांच्याकडे दुर्लक्ष होतं अशा तक्रारींचा तपास, फॉस्टर केअर (मुलांना तात्पुरतं दुसऱ्या कुटुंबात ठेवणं), दत्तक, म्हाताऱ्या आणि अपंग माणसांचं संरक्षण. म्हणजे एकाच दारातून फॉर्म भरायला आलेली आजी पण येते आणि ज्याचं मूल कोर्टाच्या ऑर्डरने काढून घेतलंय तो बाप पण येतो. हे एकदा डोक्यात बसलं की प्लॅनकडे बघायची नजरच बदलते.

माझ्या पहिल्या अशा प्रोजेक्टला मी उत्साहात लगेच ब्लॉक डायग्राम काढायला बसले होते. आमच्या सीनियर प्रिन्सिपल बाईंनी ते बाजूला ठेवलं आणि सांगितलं, सोमवारी जुन्या ऑफिसात जा, लॉबीत बस आणि दिवसभर फक्त मोज. मी गेले. दार 8 ला उघडायचं, मी पावणेआठला पोहोचले तर बाहेर आधीच 19 माणसं उभी, त्यातल्या 4 बायकांच्या कडेवर मुलं, एक आजोबा वॉकर घेऊन, आणि वर छप्पर नाही. हे 19 जण कुठल्याही आकडेवारीत नव्हते कारण आत येऊन किऑस्कवर नाव टाकल्यावरच मोजणी सुरू व्हायची! दिवसभर मी दर 15 मिनिटांनी लिहीत होते, किती बसलेत, किती उभे, किती मुलं, स्ट्रोलर किती, कोण फक्त कागद टाकायला आलंय आणि कोणाला माणसाशी बोलायचंय.

आणि साडेदहाच्या सुमाराला जे ऐकलं ते अजून कानात आहे. खिडकीला जाड काच, बोलायचं भोक कमरेच्या जवळ, आतल्या बाईला नीट ऐकू जाईना म्हणून बाहेरची बाई वाकून आपला सोशल सिक्युरिटी नंबर मोठ्याने सांगत होती, मग परत सांगितला, मग नवरा कधी सोडून गेला तेही सांगितलं, आणि मागे बसलेल्या तीसेक लोकांनी ते सगळं ऐकलं. ती वळली तेव्हा तिने कोणाकडेच बघितलं नाही. मला एकदम आमची आजी आठवली, श्रावणबाळच्या पगारासाठी तहसील कचेरीत जायची, तिथेही सगळ्यांसमोर "मुलगा बघत नाही का?" असं विचारायचे आणि आजी पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहायची. तेव्हापासून कुठल्याही डीएसएसच्या प्लॅनवर मी पहिला प्रश्न एकच विचारते, इथे माणूस बोलेल ते कोणाकोणाला ऐकू जाईल?

आता याचं ड्रॉइंगमध्ये काय होतं ते सांगते. रिसेप्शनची रांग बसायच्या जागेपासून लांब आणि शक्यतो बसलेले लोक पाठीमागे येणार नाहीत अशी बाजूला. पहिल्या खिडकीवर फक्त नाव आणि काम विचारायचं, बाकी सगळं इंटरव्ह्यू रूममध्ये. इंटरव्ह्यू रूम साधारण 8 बाय 10 फुटांची, दोन दारं, एक लॉबीकडून, एक स्टाफकडून, केसवर्करची (अर्ज हाताळणाऱ्या कर्मचारी बाईची) खुर्ची स्टाफकडच्या दाराजवळ म्हणजे कधी प्रसंग आलाच तर तिला लगेच निघता यावं, टेबलाखाली पॅनिक बटण. म्हणजे मदतीसाठी आलेला माणूस कधी स्टाफच्या भागात जातच नाही. कामाच्या खिडकीचा एक भाग तरी 36 इंचांपेक्षा उंच नको, दाराची मोकळी रुंदी 32 इंच, व्हीलचेअर वळायला 60 इंचांचं वर्तुळ, हे सगळं 2010 च्या एडीए (अपंगांसाठीच्या कायद्याच्या) स्टँडर्ड्समध्ये आहे, पाठच करून टाका.

पण माझी खरी चूक भिंतीत झाली. एका काउंटीत मी इंटरव्ह्यू रूम्स छान आखल्या, भिंतींना आतून इन्सुलेशन दिलं, एसटीसी 50 ची भिंत (एसटीसी म्हणजे भिंत आवाज किती अडवते त्याचं माप) म्हणून डिटेल पण जोडलं, आणि सेक्शनमध्ये भिंत फॉल्स सीलिंगपर्यंतच थांबवली. इमारत सुरू झाल्यावर एका सुपरवायझर ताईंचा फोन आला की शेजारच्या खोलीतलं रडणं ऐकू येतं. आवाज वरून, सीलिंगच्या टाइल्समधून, डक्टमधून जात होता. भिंत वरच्या स्लॅबपर्यंत न्यायची, डक्ट सरळ न नेता वळवून न्यायचा, दाराला खाली सील लावायचं, यातलं एक जरी राहिलं तरी बाकीचा खर्च वाया. नंतर भिंती वाढवल्या पण चालू ऑफिसात ते करायला किती त्रास झाला ते मीच बघितलंय, खूप वाईट वाटलं.

जागा किती लागेल हे काढणं म्हणजे प्रोग्रामिंग, आणि नवीन माणसाला सगळ्यात जास्त शिकवणारं काम हेच. प्रत्येक युनिटच्या सुपरवायझरला भेटायचं, माणसं किती, पुढच्या 10-15 वर्षांत किती होतील, फायली कुठे, कोण दिवसभर फील्डवर. वर्कस्टेशन 6 बाय 8 धरलं तर 48 स्क्वेअर फूट, सुपरवायझरची खोली 10 बाय 12 म्हणजे 120. सगळी बेरीज करून नेट 22,000 आली तर कॉरिडॉर, जिने, टॉयलेट, मशीन रूम, भिंती यासाठी 1.4 ने गुणा, जवळपास 31,000 होतील. नवीन मुलं इथेच फसतात, नेट आकडा कमिशनर्ससमोर ठेवतात आणि नंतर वाढलेला आकडा दाखवायची वेळ येते, मग विश्वास जातो तो जातोच.

आजकाल प्रत्येक मीटिंगला कोणीतरी म्हणतं की सगळे घरून काम करतात, इंटरव्ह्यू फोनवर होतात, मग एवढी जागा कशाला. अर्धं खरं आहे. मेडिकेड, स्नॅपचे बरेच केसवर्कर्स घरून बसतात आणि तिथे दोघांत एक टेबल चालतं. पण लॉबी त्या प्रमाणात रिकामी होत नाही, कारण ज्याच्याकडे फोनचा बॅलन्स नाही, ज्याला वाचता येत नाही, ज्याला स्पॅनिशशिवाय काही येत नाही तो येणारच. शिवाय नियम बदलले की गर्दी बदलते. नॉर्थ कॅरोलायनात 1 डिसेंबर 2023 ला मेडिकेडचा विस्तार झाला, म्हणजे आणखी लोक पात्र झाले, तेव्हा अर्जांचा ओघ आला. हीटिंगच्या मदतीचे अर्ज डिसेंबरात आधी म्हाताऱ्या-अपंगांसाठी उघडतात आणि जानेवारीत बाकीच्यांसाठी, म्हणजे ऐन थंडीत लॉबी भरते आणि बाहेरच्या रांगेला छप्पर हवंच. आता 2025 च्या केंद्राच्या कायद्याने विस्तारातल्या लोकांना 2027 पासून कामाचे तास दाखवायचेत आणि वर्षातून दोनदा पात्रता तपासून घ्यायचीय, म्हणजे कागद वाढणार. तेव्हा वर्षाची सरासरी काढून खुर्च्या ठरवू नका, सगळ्यात वाईट सोमवार धरून ठरवा.

पैशाचं थोडक्यात. स्नॅपच्या कारभाराचा निम्मा खर्च केंद्र द्यायचं, त्याच कायद्याने तो वाटा ऑक्टोबर 2026 पासून 25 टक्क्यांवर येतोय. चाइल्ड सपोर्टला 66 टक्के मिळतात. इमारतीचं बांधकाम मात्र थेट या योजनांच्या खात्यावर टाकता येत नाही, दरवर्षीचा घसारा, तोही कुठल्या योजनेची माणसं किती जागा वापरतात त्या हिशेबाने लावता येतो. म्हणून तुमचा खोल्यांचा तक्ता फायनान्सची माणसं वर्षानुवर्षं वापरतात, त्यात कुठली खोली कुठल्या युनिटची हे चोख लिहा. कर्ज काढायचं तर राज्याच्या लोकल गव्हर्न्मेंट कमिशनची मंजुरी लागते, 1931 पासून, मंदीत गावंच्या गावं कर्ज बुडवायला लागली तेव्हापासूनची ही व्यवस्था.

जागा निवडताना फुकट मिळणाऱ्या जमिनीच्या मोहात काउंटी नेहमी पडते. हायवेवरची काउंटीचीच जमीन, पार्किंग भरपूर, आणि बस जात नाही. अशा वेळी भांडून उपयोग नसतो, मी नकाशा घेऊन जाते, मदत घेणारे लोक कुठल्या भागात राहतात (नावं नाहीत, फक्त पिनकोडनुसार आकडे) आणि बसचे रूट कुठून जातात ते एकावर एक. रॅली (Raleigh) शहराच्या वेक काउंटीने मुख्य ऑफिसांशिवाय झेब्युलन, फ्युक्वे-व्हरीना, वेक फॉरेस्ट अशा लांबच्या गावांत रीजनल सेंटर्स ठेवलीत, ती एकदा जाऊन बघाच. बंद पडलेल्या सुपरमार्केटमध्ये ऑफिस करायचा पर्यायही असतो, पत्ता सगळ्यांना माहीत, पार्किंग तयार, पण आत खोलवर उजेड येत नाही, छताला खिडक्या पाडायचा खर्च पहिल्याच दिवशी धरायचा.

एका खोलीबद्दल जरा जास्त लिहिते. फॉस्टर केअरमधल्या मुलांना त्यांचे आईवडील सोशल वर्करच्या देखरेखीखाली भेटतात ती व्हिजिट रूम. जुन्या ऑफिसात ही म्हणजे एक उरलेली कॉन्फरन्स रूम होती, मोठं टेबल, ट्यूबलाइट. तिथल्या एका सोशल वर्कर ताईंनी मला सांगितलं की आया येताना डब्यात काहीतरी करून आणतात आणि स्टाफच्या पॅन्ट्रीत जाता येत नाही म्हणून ते गारच भरवतात. मी त्या खोलीत एक छोटा ओटा, सिंक आणि मायक्रोवेव्ह टाकला. खर्च कमी करायच्या मीटिंगमध्ये तोच पहिला कापायला निघाले. मी प्लंबिंगची भिंत शेजारच्या टॉयलेटला पाठीला पाठ लावून आणली, खर्च निम्म्यावर आला, आणि त्या ताई स्वतः मीटिंगला येऊन बोलल्या, मग राहिला. या खोलीला आणखी लागतं काय, तर जमिनीवर बसता येईल असं फ्लोअरिंग, मुलाच्या उंचीची खिडकी, आणि फॉस्टर कुटुंबाला आणि जन्मदात्यांना यायला वेगवेगळी दारं, पार्किंगसुद्धा वेगळ्या बाजूला. निरोप लॉबीतल्या लोकांसमोर होता कामा नये.

आता तुमच्या करिअरचं. साध्या एम.आर्क.चा सरकारी विषय-कोड बऱ्याच ठिकाणी स्टेममध्ये (विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीत) बसत नाही, म्हणजे ओपीटीचे (शिक्षणानंतर स्टुडंट व्हिसावर काम करायच्या परवानगीचे) 12 महिनेच मिळतात, वरचे 24 नाहीत, काही कॉलेजं मात्र स्टेममध्ये बसणाऱ्या कोडखाली कोर्स चालवतात, अ‍ॅडमिशन घेण्याआधी तो कोड लेखी विचारून घ्या. इथली डिग्री नॅब-मान्य (आर्किटेक्चरच्या कोर्सेसना मान्यता देणाऱ्या इथल्या संस्थेची मान्यता असलेली) असेल तर भारतातल्या बी.आर्क.चं वेगळं मूल्यमापन लागत नाही. लायसन्ससाठी 3,740 तासांचा अनुभव नोंदवावा लागतो आणि एआरईच्या (आर्किटेक्टच्या लायसन्स परीक्षेच्या) 6 परीक्षा, त्यातली प्रोग्रामिंग अँड अ‍ॅनालिसिस या कामाने अर्धी तयार होऊन जाते. काउंट्या स्वतः व्हिसा स्पॉन्सर करताना मी तरी पाहिल्या नाहीत, फर्म्स करतात, तेव्हा सरकारी कामं करणाऱ्या फर्म्स शोधा. इथे काउंटीला आर्किटेक्ट निवडताना आधी पात्रता बघावी लागते, फीची बोलणी नंतर, त्यामुळे प्रपोजलमध्ये अशा कामाचा अनुभव असलेली माणसं दाखवायला फर्म्सना हवीच असतात. माझ्या पहिल्या प्रपोजलमध्ये तर माझी लॉबीतली मोजणीच जोडली होती.

आणि पहिल्यांदा मोजायला जाल तेव्हा डायरेक्टरची परवानगी आधी घ्या, गार्डला भेटा, कॅमेरा अजिबात काढू नका, कोणाचं नाव लिहू नका. साधी वही, पेन्सिल, छोटा टेप आणि पाण्याची बाटली. शुक्रवारी जाऊ नका, सोमवारी जा, शक्यतो सुट्टीनंतरच्या, आणि दार उघडायच्या अर्धा तास आधी बाहेरच्या रांगेत जाऊन उभे राहा.