पाळीव प्राण्याचं चित्र काढून घ्यायचंय? आधी फोटो असे काढा

चित्रकार बहुतेक वेळा तुमच्या कुत्र्याला किंवा मांजराला प्रत्यक्ष पाहत नाही. फोटोत जे दिसत नाही ते अंदाजाने रंगवावं लागतं, आणि माझा अनुभव असा की अंदाज नेमका डोळ्यांत चुकतो. म्हणून फोटो काढताना आधी डोळे सांभाळा.

सुरुवात उजेडापासून. दिवसा मोठ्या खिडकीजवळ, पण थेट ऊन येत नाही अशी जागा निवडा. खोलीतले दिवे बंद करा. दोन प्रकारचे उजेड मिसळले की केसांचा खरा रंग कळत नाही. प्राण्याची पाठ खिडकीकडे नको. उजेड तोंडावर एका बाजूने, तिरका पडू द्या. मग नाका-गालाचा उठाव दिसतो आणि डोळ्यात खिडकीचा एक पांढरा ठिपका चमकतो. तो ठिपका मी चित्रात अगदी शेवटी लावते, आणि तेव्हाच ते जनावर माझ्याकडे बघायला लागतं.

फ्लॅश नकोच. कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यात आत उजेड परतवणारा थर असतो, त्यामुळे फ्लॅशने डोळे हिरवे-पिवळे चमकतात आणि त्यांचा मूळ रंग हरवतो. मांजराची बाहुली तर कडक उन्हात रेघेएवढी होते आणि अंधारात डोळाभर पसरते. खिडकीच्या मऊ उजेडात ती मधली राहते. घरच्यांच्या ओळखीची नजर बहुधा तीच असते.

आता खाली बसा, लागलं तर पालथे पडा. फोन त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर हवा. वरून काढलेल्या फोटोत डोकं मोठं आणि पाय आखूड दिसतात. फार जवळही जाऊ नका, नाक फुगतं आणि कान लहान होतात. दीड-दोन मीटर मागे सरका आणि फोनला झूमची वेगळी लेन्स असेल तर ती वापरा. पोर्ट्रेट मोड बंद ठेवा. मागचं धूसर करताना तो मिशा आणि कानांवरची लवही पुसतो.

स्क्रीनवर डोळ्यावर बोट टेकवून फोकस करा. प्राणी काळा असेल तर एक्सपोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, थोडं वाढवा, पांढरा असेल तर कमी करा.

आधी त्याला खेळवून थोडं दमवा. मग कुणाला तरी खाऊ घेऊन कॅमेऱ्यामागे उभं करा. वेगळा आवाज एकदाच काढा आणि कान टवकारले की सलग फोटो घ्या; तोच आवाज तिसऱ्यांदा ऐकून तो ढुंकूनही बघत नाही. कान मागे पाडले, तोंड फिरवलं, की त्या दिवशी थांबा.

मुख्य फोटोसोबत नाक, पंजे, शेपूट आणि दोन्ही बाजूंचे पट्टे-ठिपके यांचे जवळून काढलेले फोटोही द्या. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारकावे जातात.

प्राणी आता सोबत नसेल, तर जुने सगळे फोटो गोळा करा, अस्पष्ट असलेलेसुद्धा. कोणत्या फोटोतला रंग खरा आहे आणि कोणत्या फोटोत प्राणी अगदी तुमचा वाटतो, हे प्रत्येकासोबत लिहून पाठवा.