झोपलेला मड आणि उतावळा पंप: या चुका टाळा

दांडिया बाजारातल्या आमच्या घरी रात्री विरजण लावलं, की सकाळपर्यंत पातेल्याला हात लावायची बंदी. तेलविहीर खोदताना भोकात पंपाने फिरवतात तो बेंटोनाइटचा (फुगणाऱ्या मातीचा) मड, म्हणजे चिखल, पंप थांबला की असाच लागतो. दही एकदा मोडलं की संपलं, मड मात्र थांबला की पुन्हा लागतो. कापलेला चुरा तळाशी बसू नये म्हणून हे लागणं हवंच असतं. त्रास होतो पुन्हा सुरू करताना.

सगळ्यात महागडी चूक म्हणजे पंप एकदम दामटणं. भरूचकडच्या एका विहिरीवर लॉगिंगपायी (भोकात उपकरणं सोडून खडक तपासण्यापायी) मड चौदा तास निपचित पडून होता. पाईप मध्ये कुठेही न थांबता थेट तळाशी उतरवला. नवा पोरगा म्हणाला, "काका, वेळ चाललाय," आणि त्याने पंप चढवला. दाबाचा काटा वर गेला, शेकर (वर आलेला मड चाळणारी जाळी) कोरडाच. मग काटा धाडकन पडला. खालचा खडकाचा थर फुटला होता. पुढचे दोन दिवस आम्ही त्या भेगेत अभ्रक आणि भुसा कोंबत होतो.

हिशेब सोपा आहे. जेल, म्हणजे लागलेल्या मडची ताकद, ३० पौंड प्रति १०० चौरस फूट, खोली ८००० फूट, भोक साडेआठ इंच, पाईप पाच इंच. जेल गुणिले खोली, भागिले (३०० गुणिले साडेतीन); साडेतीन म्हणजे भोक वजा पाईप. नुसतं बाहेरच्या फटीतला मड हलवायला सुमारे २३० पीएसआय दाब लागतो. तळाशी हे म्हणजे मडचं वजन गॅलनमागे अर्ध्या पौंडाहून जास्त वाढवण्यासारखं. पाईपच्या आतला मड वेगळाच.

माझी सवय अशी: पाईप उतरवताना अर्ध्या वाटेत थांबून एकदा सर्क्युलेशन घ्यायचं, म्हणजे मड फिरवायचा. तळाशी आधी नुसता पाईप फिरवायचा, मग एकच पंप, मिनिटाला दहा-पंधरा स्ट्रोक. शेकरवर मड येईपर्यंत मी तिथून हलत नाही. ड्रिलर वैतागतो. वैतागू दे.

मड दहा सेकंद आणि दहा मिनिटं स्थिर ठेवून मोजलेल्या जेलवर विसंबू नका, तीस मिनिटांचीही घ्या. १२ वरून ३५ झाली, तर तो मड रात्री दगा देणार.

मार्श फनेल (मड गळायला लागणारा वेळ मोजायचं नरसाळं) वाहत्या मडचं सांगतो, झोपलेल्याचं नाही.

कोरडं बेंटोनाइट खाऱ्या टाकीत झोकू नका, ते नीट फुगत नाही. आधी गोड्या पाण्यात रात्रभर भिजवा.

जेल मोजताना फोन खिशात ठेवा. व्हिस्कोमीटरचा (मडचा दाटपणा मोजणाऱ्या यंत्राचा) काटा ३ आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला तीन फेऱ्यांवर, एकदाच वर जाऊन लगेच घसरतो. लिहायचा तो वरचाच आकडा.