रुबिडियमचं घड्याळ मांडण्याआधी

घरी अणुघड्याळ करायचं म्हणजे बरणीत अणू कोंडायचे नाहीत. ते काम झालेला डबा मिळतो: मोबाइल टॉवरच्या यंत्रणेतून काढलेलं जुनं रुबिडियम युनिट. घेताना एकच विचारा, लॉक होतं का, म्हणजे आतलं क्रिस्टल रुबिडियमच्या अणूंच्या फ्रिक्वेन्सीला बांधलं जातं का? आतला रुबिडियमचा दिवा थकलेला असेल तर बाकी सगळं चकाचक असून उपयोग नाही.

पैसे घालायचे ते पॉवर सप्लायवर, डिस्प्लेवर नाही. माझं युनिट, एलपीआरओ-१०१ मॉडेलचं, २४ व्होल्टवर चालतं. तापताना पावणेदोन अँपिअरच्या आसपास ओढतं, लॉक झालं की अर्ध्या अँपिअरवर येतं. मी आधी घरातला १ अँपिअरचा अडॅप्टर लावला आणि दोन रविवार डब्यालाच शिव्या घातल्या. सांगलीत वळीव आला की लाईट जातेच, म्हणून १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून ठेवा.

डब्याखाली जाड हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा हवा, मध्ये थर्मल पेस्ट. जागा उन्हाची नको, स्पीकर-ट्रान्सफॉर्मरजवळची नको, कारण चुंबकानं फ्रिक्वेन्सी हलते. आणि तळमजला नको. २०१९ चा पूर पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

आता मापाचं. १९६७ पासून सेकंद ठरतो तो सीझियमच्या ९,१९,२६,३१,७७० आंदोलनांवर. रुबिडियम जवळ जातं, पण हळूहळू सरकतं, त्यामुळे त्याला ताळा लागतो. गच्चीवर आकाश मोकळं दिसेल तिथे जीपीएसचा अँटेना, सेकंदाला एक ठोका देणारं मॉड्यूल, युनिटमधून निघणाऱ्या १० मेगाहर्ट्झच्या सिग्नलला १ कोटीनं भागून तसाच ठोका देणारी छोटी चिप आणि दोन्ही ठोके पडद्यावर एकत्र दाखवणारा दोन चॅनेलचा ऑसिलोस्कोप एवढं जमवा. मिरजेत तंबोरा लावताना दोन तारांमधली लाट संथ होत जाते ना, तसंच इथे: जीपीएसच्या आणि युनिटच्या ठोक्यांमधलं अंतर जितकं सावकाश बदलेल तितकं घड्याळ सुरात. दहा अब्जात एक भाग चूक असली तर दिवसाला ९ मायक्रोसेकंदांच्या आसपास फरक पडतो, तो स्क्रीनवर स्वच्छ दिसतो. तासाभरात मात्र निकाल लावू नका, जीपीएसचा ठोकाही थोडा मागेपुढे होतो.

वही हवीच. रोज रात्री नऊला फरक लिहायचा, आणि पहिला महिना फ्रिक्वेन्सीच्या स्क्रूला हात लावायचा नाही.

घरच्यांना सांगून ठेवा, केर काढताना त्या कोपऱ्यातलं बटण बंद करायचं नाही. त्यावर चिकटपट्टी लावलेली बरी. मी लावली, तिसऱ्यांदा बंद झाल्यावर.